बंदुकीला रंग कोणता द्यावा?

श्रावणी अमावास्या जवळ आली की नागपुरातील घरोघरच्या माळ्यांवरून लाकडी बैल खाली उतरतात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुलांचा तान्हा पोळा असतो. वर्षभर कोळिष्टकांत उभा असलेला नंदी त्या दिवशी चारचौघांत मिरवावयाचा, म्हणून त्याला धुऊन-पुसून नवा रंग देणे प्राप्तच असते. आमच्या सीताबर्डीच्या घरात हे काम तीन पिढ्या चालत आले आहे. त्या एका नंदीच्या अंगावर आता रंगांचे इतके थर बसले आहेत की खालचे लाकूड कोणत्या झाडाचे, हे कोणास सांगता यावयाचे नाही.

यंदा त्या नंदीशेजारी, पसरलेल्या वर्तमानपत्रावर, दुसरी एक वस्तू रंगाची वाट पाहत पडली होती. ती म्हणजे आमच्या धाकट्या पुतण्याची बंदूक. तिचा रंग बदलावा की आहे तोच राहू द्यावा, या प्रश्नावर आमच्या घरात पंधरा दिवस वाद झाला. आणि घरात चौदा माणसे असल्यामुळे मतेही जवळजवळ तितकीच झाली. प्रश्न वरवर पाहता पोरकट आहे. परंतु त्याचा विचार करता करता आम्हांस जे दिसून आले, ते मुलाबाळांच्या इतर घरांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम या वस्तूची ओळख करून देणे अवश्य आहे. ‘एअरसॉफ्ट’ नावाच्या बंदुकीचा जन्म जपानात, १९७० च्या दशकात झाला. तेथे सामान्य नागरिकास खरे शस्त्र बाळगणे अतिशय दुष्कर. तेव्हा शस्त्रांच्या हौशी मंडळींसाठी दिसावयास हुबेहूब रायफल, पण आतून ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबाने फेकणारे यंत्र निघाले. काहींत हाताने खेचावयाची स्प्रिंग असते, काहींत विजेची मोटार, तर काहींत गॅस. गोळीचे वजन पुष्कळदा ०.२ ग्रॅम असते. अशी गोळी सेकंदास १०० मीटर वेगाने सुटली तर तिच्या अंगी १ ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेने कातडीवर लाल चट्टा उठतो, फार काही होत नाही. परंतु तीच गोळी डोळ्यास लागली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून जेथे हा खेळ रीतसर खेळतात तेथे डोळ्यांवर जाड चष्मा चढविल्याखेरीज कोणासही मैदानात पाऊल टाकू देत नाहीत. आमच्या घरातील बंदूक हाताने खेचावयाच्या स्प्रिंगची, खेळण्यांच्या दुकानातून आणलेली, मूळची काळी कुळकुळीत.

ती काळी राहिली नाही, याचे श्रेय आमच्या थोरल्या पुतण्याकडे जाते. दोन उन्हाळ्यांमागे, शिक्षणासाठी पुण्यास जाण्यापूर्वी, त्याने चार दिवस गच्चीवर बसून तिला लष्करी धर्तीचा रंग दिला. आधी सर्वांगास मातकट हात दिला. मग अंगणातील कडुनिंबाच्या डहाळ्या व पळसाची पाने तिच्यावर आडवीतिडवी धरून हिरव्या आणि तपकिरी रंगाचे फवारे मारले, आणि पाने उचलताच त्यांचे आकार उमटलेले पाहून सारे घर चकित झाले. गुलाबाच्या कुंड्यांआड ती ठेवली तर शोधून सापडेना! जाताना त्याने ती धाकट्याच्या हाती दिली आणि “सांभाळ” एवढेच म्हणाला. दादा गेल्यावर ते पोर कित्येक दिवस ती उशाशी घेऊन निजत असे. तेव्हा रंग बदलण्याचा प्रश्न म्हणजे नुसता डब्यातील रंगाचा प्रश्न नव्हता, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

वादाचे मूळ आषाढातील एका संध्याकाळी पडले. पाऊस नुकताच उघडला होता, दिवे लागावयाचे होते. धाकटे चिरंजीव गच्चीच्या कठड्याआड पालथे पडून, बंदुकीची नळी कठड्याच्या फटीतून रस्त्यावर रोखून, कोणा काल्पनिक शत्रूची वाट पाहत होते. खालून जाणाऱ्या एका भाजीवाल्या बाईंची नजर वर गेली आणि त्या हातगाडी तिथेच टाकून किंचाळत समोरच्या दुकानात शिरल्या. पाचच मिनिटांत एक हवालदार जिना चढून वर आले. त्यांचा उजवा हात कमरेच्या पिस्तुलावर होता, ही गोष्ट आम्ही कधी विसरणार नाही. मुलास पाहून त्यांनी हात काढला, कपाळाचा घाम पुसला आणि ते कठड्यावरच बसले. चहा घेता घेता ते म्हणाले, “काकाजी, मले खालून पोरगं नाही दिसलं, नळीच दिसली फक्त. खेळणं आहे हे वर आल्यावर समजलं. पण वर येईपर्यंत मी काय समजू?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे घर किल्ल्याच्या टेकडीपासून दूर नाही, आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. अशा वस्तीत गच्चीवरून नळी दिसली तर कोणीही काय समजावे?

त्याच रात्री जेवणानंतर घरची सभा भरली. धाकटे बंधू, म्हणजे मुलाचे वडील, म्हणाले की बंदूक मोडून टाकावी, प्रश्नच मिटला. थोरल्या वहिनींना हे पसंत पडले नाही. मुलाचा अपराध काय, आणि मोडलेल्या खेळण्याची जागा उद्या दुसरे चोरटे खेळणे घेणार नाही कशावरून, असे त्यांचे म्हणणे. थोरल्या बंधूंनी सुचविले की भडक तांबडा किंवा पिवळा रंग फासावा. यावर मुलाने जो टाहो फोडला त्याचा अर्थ एवढाच होता की दादाचा रंग कोणी पुसावयाचा नाही. आम्ही स्वतः त्या रात्री कोणत्याच बाजूस नव्हतो. प्रश्न नीट समजून घेतल्यावाचून मत देऊ नये, या सबबीखाली आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

शोध आम्ही घरापासूनच आरंभिला. ज्या टेकडीच्या सावलीत आम्ही राहतो तिच्यावर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य व इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूस मद्रासी पायदळाच्या तुकड्या होत्या, आणि त्या पायदळाचे डगले तांबडे होते. आज आश्चर्य वाटते की गोळ्या झेलावयास उभ्या राहणाऱ्या माणसास कोणी तांबडा डगला कसा देतो! परंतु त्या काळच्या दारूचा धूर इतका दाट की दोन-चार फैरी झडल्यावर आपला कोण आणि परका कोण हे ओळखणे कठीण होई. बंदुकीचा पल्लाही थोडा. तेव्हा शिपायाने दिसणे हेच त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या हिताचे होते. त्या टेकडीवर तांबडा रंग ‘मी तुमचाच आहे, मला मारू नका’ असे मागच्या रांगेस सांगत होता.

पुढे काळ पालटला. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे पत्करले. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूर न करणारी दारू शोधली, लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, आणि दुरून दिसणारा शिपाई म्हणजे मेलेला शिपाई असा हिशेब ठरला. तरीही १९१४ च्या महायुद्धात फ्रेंच सैनिक तांबड्या विजारी घालूनच उतरले आणि त्याचे प्रायश्चित्त त्यांना फार जबर मिळाले. दुसऱ्याच वर्षी फ्रेंच सेनेने चित्रकारांची एक स्वतंत्र तुकडी उभारली. तिचा प्रमुख गिराँ द सेव्होला हा व्यवसायाने चित्रकारच होता. तोफा, गाड्या, टेहळणीच्या चौक्या यांवर ही मंडळी डाग आणि पट्टे रंगवीत. येथून कॅमोफ्लाज हा शब्द जगभर गेला.

या विद्येचे मर्म थोडक्यात सांगता येते. डोळा वस्तू ओळखतो तो पुष्कळसा तिच्या कडेवरून. रानात सरळ रेघ आणि एकसारखा काळा रंग क्वचित आढळतात, आणि बंदूक म्हणजे तर काळी सरळ रेघच. म्हणून ती चटकन नजरेत भरते. तिच्यावर वेगवेगळ्या छटांचे वेडेवाकडे डाग टाकले की तिची कड तुटते, काही डाग पाल्यात मिसळतात, काही मातीत, आणि पाहणाराचा डोळा त्या तुकड्यांची मिळून एक वस्तू करू शकत नाही. आमच्या थोरल्या पुतण्याने पळसाच्या पानांनी नेमके हेच साधले होते. त्याच्या कौशल्याविषयी आमचा आदर हे वाचल्यावर वाढलाच.

आदर वाढला तशी चिंताही वाढली. रणांगणावर लपणे ज्याला प्राप्त आहे त्याच्या अंगी हा रंग शोभतो. त्याचा मान राखण्यासाठी आपल्या सेनेने १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी, जो नवा लढाऊ गणवेश प्रकट केला, त्याच्या नक्षीचे हक्क पुढे आपल्या नावे नोंदविले. तो खुल्या बाजारात विकावयाचा नाही. तरी सीताबर्डीच्या बाजारात ‘आर्मी प्रिंट’ या नावाखाली तऱ्हेतऱ्हेची डागाळ कापडे टांगलेली दिसतात आणि मुले हौसेने ती घेतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमान्वये, आपण सैनिक आहोत असे लोकांनी समजावे या हेतूने सैनिकाचा वेष किंवा चिन्ह धारण करणे हा अपराध आहे. मुलाचा हेतू तसा नसतो, म्हणून तो अपराधी नव्हे, हे उघड आहे. परंतु हेतू पोटात असतो आणि रंग बाहेर असतो; रस्त्यावरचा माणूस रंगच पाहणार.

शस्त्रांच्या २०१६ च्या नियमांत हवेच्या बंदुकांसंबंधी २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर नळी अशा दोन मर्यादा घातल्या आहेत. त्यांपलीकडील हत्यारास परवान्याचा प्रश्न येतो. एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटरची असते, हे लक्षात ठेवून ज्यांना मोठ्या मेळाची, विजेवर वा गॅसवर चालणारी बंदूक घ्यावयाची किंवा परदेशाहून आणावयाची असेल, त्यांनी आधी पोलिसांकडे रीतसर विचारणा करावी हे बरे.

रंगाविषयी इतर देशांनी जे कायदे केले त्यांमागे दुःखाचा मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीच्या टोकास झळझळीत नारिंगी खूण असणे आवश्यक केले. इंग्लंडात २००६ च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर निर्बंध आणले. सामान्य गिऱ्हाइकास मिळावयाची ती नकली बंदूक मुख्यत्वे भडक तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी, निळी किंवा पारदर्शक असावी. रीतसर मैदानावर एअरसॉफ्ट खेळणारांस मात्र त्या कायद्याने सवलत ठेवली आहे, कारण तेथे जमलेल्या प्रत्येकास खेळ चालला आहे हे ठाऊक असते.

तरीही अनर्थ टळले नाहीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे १३ वर्षांचा एक मुलगा रस्त्याने एअरसॉफ्ट रायफल घेऊन चालला असता पोलिसाच्या गोळ्यांनी मरण पावला. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी ओहायोतील क्लीव्हलँड शहरी, एका बागेत, १२ वर्षांचा तामीर राईस असलेच खेळण्याचे पिस्तूल हाती घेऊन खेळत होता. कोणीतरी दूरध्वनीवरून पोलिसांस कळविले. पिस्तूल बहुधा खोटे असावे असेही तो सांगावयास विसरला नाही, परंतु हे शब्द घटनास्थळी निघालेल्या शिपायांपर्यंत पोचले नाहीत. गाडी येऊन थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी ते पोर गेले. त्या पिस्तुलाच्या टोकाची नारिंगी खूण निघालेली होती. कॅलिफोर्नियाने पुढे कायदा करून २०१६ पासून एअरसॉफ्ट बंदुकांवर अधिक ठळक रंगखुणा सक्तीच्या केल्या. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि हवालदारांचा तो कमरेवरील हात आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आमच्या नशिबाने ते वर आले, खालूनच त्यांनी निर्णय केला नाही.

एवढ्यावरून बंदूक ताबडतोब तांबडी करावी असे कोणी म्हणेल. परंतु दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, आणि ती थोरल्या पुतण्याने पुण्याहून दूरध्वनीवर मांडलीही. त्याचे म्हणणे तीन प्रकारचे होते. पहिले असे की भडक रंग हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. खऱ्या पिस्तुलासही कोणी गुलाबी रंग देऊ शकतो, मग पोलिसाने विश्वास कशावर ठेवावा? दुसरे असे की रंग बदलला म्हणजे काळजी संपली असे घरातील लोक समजू लागतील आणि मूल पुन्हा गच्चीवरून रस्त्यावर नेम धरील. तिसरे असे की लपाछपीच्या खेळात लपण्याचा आनंद काढून घेतला तर उरले काय?

पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे हे आम्हांस मान्य करावे लागले. त्यात आमच्या धाकट्या भावजयीने, ज्या शाळेत जीवशास्त्र शिकवितात, आणखी एका गोष्टीची भर घातली. उजेड मंदावला की डोळ्याची रंग ओळखण्याची शक्ती मंदावते, आणि त्यातही तांबडा रंग सर्वांआधी काळवंडतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परकिन्ये नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञाने ही गोष्ट फुलांवरून टिपून ठेवली. म्हणजे दिवेलागणीच्या वेळी, जेव्हा आमच्या गच्चीवर तो प्रसंग घडला त्याच वेळी, तांबडी बंदूकही काळीच दिसली असती. तेव्हा रंग हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर वेळ, जागा आणि शिस्त यांत आहे.

या सर्व पांडित्याचा निकाल आमच्या मातोश्रींनी एका वाक्यात लावला. त्या वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “खांडेनवमीला हिला पूजेत ठेवायची का?”

आम्ही गोंधळलो. खांडेनवमीस आमच्या देवघरात पणजोबांची तलवार, विळी, कात्री, सुतारकामाची हत्यारे आणि अलीकडे मुलांचे लॅपटॉपही हळदकुंकू लावून ठेवतात. बंदुकीचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

“सांगा की,” त्या म्हणाल्या. “शस्त्र असेल तर तिला हळदकुंकू वाहू, मग कपाटात कुलपात ठेवू आणि पोराच्या हाती देणार नाही. तलवार कोणाच्या हाती देतो का आपण? आणि खेळणे असेल तर तिने खेळण्यासारखे दिसावे. नंदी बघा, त्याला पाहून कोणी खरा बैल समजून पळत सुटत नाही. दोन्ही सोंगे एकदम नकोत.”

आमच्या आठ दिवसांच्या वाचनापेक्षा हा कस अधिक सोपा होता. शस्त्र आणि खेळणे या दोहोंस समाजात आपापली जागा आहे. अनर्थ होतो तो एकाने दुसऱ्याचे सोंग घेतले म्हणजे. घरातील कोणत्याही वस्तूने आपण काय आहोत हे परक्या माणसास दुरून सांगावे, एवढे सौजन्य तिच्याकडून अपेक्षिणे वावगे नाही. ते भाजीवाल्या बाईंचे देणे आहे, हवालदारांचे आहे, आणि सर्वांत अधिक त्या मुलाचे आहे.

राहता राहिला दादाच्या हातच्या कामाचा प्रश्न. तो सोडविला मुलानेच, आणि तोही आईच्या शिकवणीच्या आधाराने. भावजय एके रात्री त्याला सांगत होत्या की पेंचच्या रानातील वाघ आपणांस केशरी दिसतो, पण हरणांस तसा दिसत नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. त्याला केशरी आणि हिरवा यांतला भेद फारसा कळत नाही. म्हणून वाघ त्याला गवतासारखा हिरवटच भासतो आणि काळे पट्टे गवताच्या सावल्यांत मिसळतात. याच कारणाने अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीस जाणारांनी झळझळीत नारिंगी जाकीट घालावे असा नियम आहे: हरणास ते ठळक दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्यास दुरून दिसते.

मूल अंथरुणात उठून बसले. “म्हणजे केशरी रंग लपतो पण आणि दिसतो पण?”

“कोणापासून लपायचे आणि कोणाला दिसायचे, यावर आहे ते,” भावजय म्हणाल्या.

“मग माझी बंदूक वाघाची करा. दादाच पट्टे काढील.”

दुसऱ्या दिवशी पुण्यास दूरध्वनी झाला. थोरला पुतण्या गणपतीस येणारच होता; तो दोन-चार दिवस आधी येण्यास कबूल झाला. आपले चार दिवसांचे काम पुसले जाणार याचे वाईट वाटते का, असे आम्ही भीतभीतच विचारले. तो म्हणाला, “काका, नंदीवर आजोबांच्या रंगावर तुम्ही रंग दिलात, तेव्हा तुम्हांला कोणी विचारले होते का? केशरी हात तुम्ही देऊन ठेवा. पट्टे मी आल्यावर.”

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी कामाची रीत सांगून ठेवतो. प्रथम बंदूक पूर्ण रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी. साबणाच्या पाण्याने तिचे अंग पुसावे, कारण हाताचे तेल राहिले तर रंग धरत नाही. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून जुन्या रंगाची तकाकी मारावी. थिनरने जुना रंग खरवडण्याचा मोह टाळावा; त्याने प्लॅस्टिक मऊ पडून विरते. नळीचे तोंड, चाप, स्प्रिंगची खाच आणि गोळ्यांचा कप्पा कागदी चिकटपट्टीने बंद करावा, कारण आत रंग गेला की खेळणे अडते. प्लॅस्टिकवर धरणाऱ्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा आणि त्यावर रंगाचे तीन-चार पातळ फवारे, प्रत्येक वाळू देऊन, मारावेत. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. भाद्रपदातील दमट हवेत वाळण्यास वेळ लागतो, म्हणून उघडीप पाहून काम काढावे, ते गच्चीवरच मोकळ्या हवेत करावे, नाकावर फडके बांधावे आणि मुलांस फवाऱ्यापासून दूर ठेवावे.

आम्ही केशरी हात दिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी थोरला पुतण्या आला आणि त्याने काळे पट्टे ओढले. नळीच्या टोकास दोन बोटे रुंद पांढरा पट्टा दिला, तो भावजयींच्या सांगण्यावरून, मंद उजेडात तेवढाच उपयोगी पडावा म्हणून. एक गोष्ट मात्र त्याने कोणास न विचारता केली. बंदुकीच्या दस्त्याच्या आतील बाजूस, गालाशी टेकते तेथे, तळहाताएवढी जागा चिकटपट्टी लावून झाकली आणि जुना रंग तसाच ठेवला. पळसाचे एक पान तेथे अजून आहे. नेम धरणारास ते जाणवते, बाहेरच्यास दिसत नाही.

रंगाबरोबर नियमही ठरले आणि मुलाने ते स्वतःच्या अक्षरात लिहून देवघराच्या दारामागे चिकटविले. दिवेलागणीनंतर बंदूक घरात. गच्चीवरून आणि खिडकीतून रस्त्याकडे नळी रोखावयाची नाही. माणसावर आणि जनावरावर नेम नाही. चष्म्यावाचून खेळ नाही. घराबाहेर नेणे झाल्यास पिशवीत घालून, मोठ्या माणसाबरोबर. पोलिसाने हटकले तर पळावयाचे नाही. बंदूक जमिनीवर ठेवून दोन्ही हात मोकळे दाखवावयाचे. शेवटचा नियम लिहिताना मुलाने विचारले की हात का दाखवायचे. आम्ही त्याला क्लीव्हलँडच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. गोष्ट बारा वर्षांच्या मुलाची होती आणि ऐकणारा अकरा वर्षांचा होता. तो बराच वेळ काही बोलला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नंदी नव्या पांढऱ्या रंगात मिरवावयास निघाला. बंदूक न्यावयाची का, असे मुलाने विचारले नाही. ती माळ्याखालच्या खुंटीवर टांगून तो नंदीची दोरी धरून पुढे झाला. कोपऱ्यावर तेच हवालदार बंदोबस्तास उभे होते. त्यांनी नंदीकडे बोट करून विचारले, “अन् ते तुमचं दुसरं जनावर कुठं आहे?”

“वाघ झाला तो,” मुलगा म्हणाला. “घरी बांधून ठेवलाय.”

हवालदार हसले आणि त्यांनी खिशातून काढून बोजाऱ्याचे पाच रुपये त्याच्या तळहातावर ठेवले.